तीन तासांचं मेरोपेनेम आणि ५० मि.ली.चा सिरिंज पंप

केसपेपरवर ‘मेरोपेनेम १ ग्रॅम, आठ तासांनी, प्रत्येक डोस तीन तासांत’ एवढं लिहायला दहा सेकंद पुरतात. तो एक ग्रॅम खरोखर तीन तासांत आणि सगळाच्या सगळा रुग्णाच्या रक्तात पोचतो की नाही, हे मात्र पलंगाच्या उशाशी लावलेल्या यंत्रावर, त्यातल्या सिरिंजवर आणि पुढच्या दीड मीटर नळीवर ठरतं. अँटिबायोटिक कुठलं द्यायचं यावर आयसीयूत रोज चर्चा होते, ते कशातून जातंय यावर क्वचित. हे परीक्षण त्या ‘कशातून’चं आहे. मुख्य नजर ५० मि.ली.च्या सिरिंज पंपावर (सिरिंजचा दट्ट्या ठरलेल्या वेगाने ढकलणारं यंत्र), आणि शेजारी त्याच कामाला जुंपले जाणारे मोठा इन्फ्युजन पंप, डायलचा रेग्युलेटर आणि साधा मायक्रोड्रिप सेट. कुठल्याही एका कंपनीचं मॉडेल इथे तोललेलं नाही. बाजारातल्या बहुतेक पंपांना लागू पडेल अशा गोष्टींबद्दलच लिहिलं आहे.

निकाल आधी सांगतो. बीटा-लॅक्टम, म्हणजे मेरोपेनेम, पिपरॅसिलिन यांच्या गटातल्या अँटिबायोटिकच्या तीन-चार तासांच्या इन्फ्युजनसाठी (शिरेतून सावकाश देण्यासाठी) सिरिंज पंप हेच योग्य यंत्र आहे. पण त्याच्यासोबत बारीक व्यासाची एक्स्टेन्शन लाइन, पंपाला ओळखीची सिरिंज आणि शेवटी नळीतलं औषध पुढे ढकलणारा एनएसचा (नॉर्मल सलाईनचा) फ्लश या तीन गोष्टी नसतील, तर महागडा पंप घेऊनही डोस कमीच पडतो.

आता तीन तासच का, ते पाहू. मेरोपेनेम, पिपरॅसिलिन यांसारखी औषधं जिवाणू मारतात ती त्यांची पातळी एमआयसीच्या (जिवाणूची वाढ रोखणाऱ्या किमान पातळीच्या) वर किती वेळ टिकते त्या हिशेबाने. पातळी किती उंच गेली याला फारसं महत्त्व नाही. निरोगी माणसाला १ ग्रॅम मेरोपेनेम अर्ध्या तासात दिलं की रक्तातली पातळी दर लिटरला ५० मि.ग्रॅ.च्या आसपास जाते, आणि मूत्रपिंड चांगलं असेल तर दर तासाला निम्मी होते. म्हणजे ५०, २५, १२, ६, ३. चौथ्या तासाला ३ वर आलेलं औषध आठव्या तासापर्यंत जवळजवळ संपलेलं असतं. जिवाणूची एमआयसी ०.२५ असेल तर याने काही बिघडत नाही. पण आपल्याकडच्या आयसीयूत भेटणाऱ्या क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनसची एमआयसी २, ४, ८ अशी निघते, तेव्हा दोन डोसांमधला अर्धा वेळ रुग्ण उघडा पडतो. तोच ग्रॅम तीन तासांत सावकाश दिला की शिखर खाली येतं, पण एमआयसीच्या वरचा वेळ वाढतो. औषध तेवढंच, खर्च तेवढाच.

पुरावा काय म्हणतो, तेही जसंच्या तसं सांगायला हवं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लिंग-३ या चाचणीत सेप्सिसचे (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेले) सात हजारांहून अधिक रुग्ण होते. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम सतत चालवलेल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू २४.९ टक्के, तुटक डोस दिलेल्या गटात २६.८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. संसर्ग बरा होण्याचं प्रमाण मात्र ५५.७ विरुद्ध ५०.० टक्के, आणि हा फरक ठोस होता. त्याआधी २०२३ मध्ये मर्सी या ६०७ रुग्णांच्या चाचणीत सतत मेरोपेनेमचा फायदा दिसला नव्हता. २०२४ मध्येच १८ चाचण्या आणि नऊ हजारांवर रुग्ण एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ९० दिवसांतले मृत्यू लांबवलेल्या इन्फ्युजनने कमी झालेले दिसले. सर्व्हायव्हिंग सेप्सिसच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनाही सुरुवातीच्या बोलसनंतर (एकदम दिलेल्या डोसानंतर) लांबवलेलं इन्फ्युजन सुचवतात. म्हणजे फायदा आहे, पण तो चमत्कारिक नाही. म्हणूनच पंप आणि नळीत १५-२० टक्के डोस गळून गेला, तर तो फायदा तिथेच खर्ची पडतो.

तयारीपासून सुरुवात करू. १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये २० मि.ली. वॉटर फॉर इंजेक्शन घालायचं, पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं, ५० मि.ली.च्या लुअर-लॉक (नळी फिरवून घट्ट बसवता येणाऱ्या) सिरिंजमध्ये ओढायचं आणि एनएसने एकूण ५० मि.ली. करायचं. पावडरही थोडी जागा व्यापते, म्हणून ‘२० अधिक ३०’ असा हिशेब न करता सिरिंजवरच्या ५०च्या रेघेपर्यंत भरायचं. आता दर मि.ली.त २० मि.ग्रॅ. आहे आणि वेग १६.७ मि.ली. प्रति तास. डेक्स्ट्रोज वापरू नका, त्यात मेरोपेनेम झपाट्याने विघटित होतं. सिरिंजवर रुग्णाचं नाव, औषध, प्रमाण, बनवल्याची वेळ आणि संपण्याची वेळ यांची चिठ्ठी हवी, आणि ती रेघा झाकणार नाही अशी उभी लावलेली हवी.

वेळेची मर्यादा खरी आहे. एनएसमधल्या तयार मेरोपेनेमला युरोपातलं माहितीपत्रक २५ अंशांपर्यंत ३ तास देतं. अमेरिकेतलं तर एकच तास. म्हणून मेरोपेनेमची सिरिंज आधी भरून ठेवायची नसते, लावायच्या वेळीच भरायची असते. रात्री दहाच्या डोससाठी आठ वाजताच भरून ट्रॉलीवर ठेवलेली सिरिंज दहा ते एक चालली, तर शेवटच्या तासात जाणारं औषध चार-पाच तासांचं जुनं असतं. एसी बंद पडलेल्या आयसीयूत, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर, हे विघटन आणखी वेगाने होतं. द्रावण पिवळसर दिसलं म्हणजे वाया गेलं आणि रंगहीन दिसलं म्हणजे चांगलं, असा नियम नाही. रंगावर विसंबू नका, घड्याळावर विसंबा. मेरोपेनेम २४ तास सतत चालवायचं असेल तर याच कारणाने एक मोठी सिरिंज दिवसभर लावता येत नाही, ती अनेकदा बदलावी लागते. आपल्याकडच्या मनुष्यबळात तीन तासांची पद्धत जास्त झेपते. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या बाबतीत सोपं आहे, ते एनएसमध्ये बराच वेळ टिकतं. ४.५ ग्रॅम ५० मि.ली.त, ४ तासांत, म्हणजे १२.५ मि.ली. प्रति तास. त्याची पावडर विरघळायला वेळ घेते, फेसही धरते, आणि व्हायलमध्ये २० मि.ली. घातले की २३च्या आसपास निघतात. घाईत २० मि.ली.च ओढून घेतले तर अर्ध्या ग्रॅमहून जास्त औषध व्हायलमध्येच राहतं.

पहिला डोस हा वेगळा विषय आहे आणि तिथे पंपाचा उत्साह आवरायला हवा. तीन तासांचं इन्फ्युजन थेट सुरू केलं तर पहिल्या तासात पातळी हळूहळू चढत राहते, आणि सेप्टिक शॉकमध्ये नेमका तोच तास महागाचा असतो. म्हणून आधी १ ग्रॅम २० मि.ली.त, ३ ते ५ मिनिटांत शिरेतून, आणि लगेच मागोमाग पंपावरचा तीन तासांचा डोस. क्रिएटिनिन वाढलेलं असलं तरी पहिला डोस कमी करायचा नसतो. शरीरात किती पाण्यात औषध पसरतं यावर पहिला डोस ठरतो, आणि सेप्सिसमध्ये गळक्या केशवाहिन्यांमुळे आणि लिटर-लिटर सलाईनमुळे ते पाणी वाढलेलंच असतं. मूत्रपिंडाचा हिशेब पुढच्या डोसांना लागतो.

नळी

या परीक्षणातला सगळ्यात मोठा भाग नळीला द्यावा लागतो, कारण सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे.

दुकानात ‘१५० सें.मी. एक्स्टेन्शन लाइन’ मागितली तर दोन अगदी वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. एक मिलिमीटर आतल्या व्यासाची लाइन असेल तर तिच्यात साधारण १.२ मि.ली. द्रव मावतो. तीन मिलिमीटरची असेल तर १०.६ मि.ली. लांबी तीच, पण व्यास तिप्पट झाला की आकारमान नऊपट होतं. आता १ ग्रॅमच्या सिरिंजचा हिशेब करा. सिरिंज रिकामी झाली, पंपाने बीप केलं, चार्टवर डोस दिल्याची सही झाली, आणि बारीक लाइनमध्ये २४ मि.ग्रॅ. राहिले. जाड लाइनमध्ये २१२ मि.ग्रॅ., म्हणजे एकपंचमांशाहून जास्त डोस. लाइन काढून लाल पिशवीत टाकली तर तो गेलाच. लाइन तशीच ठेवली तर पुढच्या डोसाच्या सुरुवातीला, पाच तास खोलीच्या तापमानाला पडून राहिलेलं, बरंचसं विघटित झालेलं औषध आधी आत जातं.

सुरुवातीलाही हीच लाइन वेळ खाते. ती एनएसने भरलेली असेल तर १६.७च्या वेगाने बारीक लाइनमधून औषध रुग्णापर्यंत पोचायला चार-सव्वाचार मिनिटं लागतात, जाड लाइनमधून ३८ मिनिटं. चार्टवर दोन वाजता सुरू झालेला डोस प्रत्यक्षात पावणेतीनच्या सुमाराला सुरू होतो.

उपाय साधा आणि स्वस्त आहे. खरेदीच्या यादीत ‘एक्स्टेन्शन लाइन’ एवढंच न लिहिता आतला व्यास आणि मावणारं आकारमान लिहा. वेष्टणावर ते छापलेलं असतं. नसेल तर २ मि.ली.च्या सिरिंजने कोरडी लाइन भरून किती लागलं ते पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि औषध संपल्यावर लाइनच्या आकारमानाच्या निदान दुप्पट एनएस त्याच वेगाने पंपावरूनच चालवा. बारीक लाइनला ३ मि.ली. पुरतात, म्हणजे अकरा मिनिटं. हा फ्लश चार्टवर वेगळ्या ओळीत लिहिलेला असला तरच दिला जातो. ‘फ्लश करा’ असं तोंडी सांगून तो होत नाही, कारण त्या क्षणी सिस्टरच्या दृष्टीने डोस संपलेला असतो.

लाइन कुठे जोडायची हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. सेंट्रल लाइनच्या ज्या ल्यूमेनमधून (आतल्या वाहिनीतून) नॉरअॅड्रेनॅलिन हे रक्तदाब वाढवणारं औषध चालू आहे, तिथे थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून अँटिबायोटिक जोडू नका. समजा नॉरअॅड ३ मि.ली. प्रति तासाने चालू आहे आणि थ्री-वेपासून कॅथेटरच्या टोकापर्यंत १ मि.ली. सामाईक जागा आहे. १६.७ने मेरोपेनेम सुरू करताच त्या १ मि.ली.मधलं नॉरअॅड १९.७च्या वेगाने आत ढकललं जातं, म्हणजे तीन मिनिटं साडेसहापट डोस. बीपी उसळतं, कुणीतरी नॉरअॅड कमी करतं. तीन तासांनी अँटिबायोटिक थांबलं की सामाईक जागेत पातळ झालेलं नॉरअॅड सावकाश सरकतं आणि बीपी पडतं. मॉनिटरवर हे दर आठ तासांनी दिसत असेल तर सेप्सिस बिघडतोय असं समजण्याआधी थ्री-वेकडे बघा. अँटिबायोटिकला वेगळं ल्यूमेन किंवा चांगली पेरिफेरल शिर हवी. आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम चालू असलेल्या लाइनला व्हॅन्कोमायसिन जोडू नका, दोन्ही एकत्र आले की साका बसू शकतो. अमिकासिनही त्याच लाइनमध्ये मिसळू देऊ नये.

पंपाच्या खोडी

सिरिंज पंप खरं तर द्रव मोजत नाही. तो दट्ट्या किती मिलिमीटर पुढे गेला ते मोजतो आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरून मि.ली. काढतो. म्हणून सिरिंजचा मेक पंपावर बरोबर निवडलेला असणं ही सगळ्या अचूकतेची मुळाशी असलेली अट आहे. आतला व्यास ५ टक्क्यांनी वेगळा असला तर आकारमानात सुमारे १० टक्के फरक पडतो. पंपाच्या यादीत परदेशी मेक भरलेले आणि स्टोअरमध्ये येतात त्या इथल्या सिरिंज, अशी स्थिती सर्रास असते. मग जो मेक पहिला दिसेल तो दाबला जातो. पंप विकत घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्याकडे येणारी ५० मि.ली.ची सिरिंज तुमच्या यादीत आहे का, आणि नसेल तर इथेच बसून तिचं कॅलिब्रेशन करून देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर तो पंप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आणि एकदा कॅलिब्रेशन झालं की स्टोअरला सांगून ठेवा, सिरिंजचा मेक न कळवता बदलायचा नाही.

तपासणी कुणालाही करता येते. ५० मि.ली.च्या सिरिंजमध्ये पाणी भरा, लाइन लावा, पंप १६.७वर चालू करा, पहिली दहा मिनिटं सोडून द्या. मग बरोबर एक तास येणारं पाणी ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर जमा करा. १६.७ ग्रॅम यायला हवेत. १५.९ ते १७.५ या पट्ट्यात असेल तर या कामासाठी पंप ठीक. बाहेर गेलं तर आधी सिरिंजचा मेक तपासा, मग बायोमेडिकलला बोलवा. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक पंपाची ही चाचणी करून स्टिकर लावलेलं असावं.

सिरिंज बसवल्यावर दट्ट्या आणि पंपाचा ढकलणारा हात यांच्यात थोडी फट राहते. ती भरेपर्यंत पंप चालताना दिसतो पण थेंबही जात नाही. म्हणून सिरिंज बसवल्यावर, लाइन रुग्णाला जोडण्याआधी, पर्जचं बटण दाबून लाइनच्या टोकाशी थेंब येईपर्यंत चालवा. हाताने दट्ट्या दाबून लाइन भरली आणि मग सिरिंज पंपावर चढवली, तर फट तशीच राहते. क्रम उलटा ठेवा.

पंप साधारण रुग्णाच्या छातीच्या पातळीला असावा. वर-खाली केला की लाइनमधला दाब बदलतो आणि थोडं औषध एकदम जातं किंवा मागे येतं. अँटिबायोटिकला याने फार बिघडत नाही, पण त्याच स्टँडवरच्या नॉरअॅडला बिघडतं. सिरिंजचा दट्ट्या पकडीत नीट बसला नसेल आणि पंप उंचावर असेल, तर गुरुत्वाकर्षणाने पूर्ण सिरिंज रिकामी होऊ शकते.

ऑक्लुजनच्या (नळीत अडथळा आल्याच्या) अलार्मची मर्यादा बहुतेक पंपांत बदलता येते, आणि बहुतेक ठिकाणी ती कारखान्यातून आली तशीच असते. फार वर ठेवली तर थ्री-वे बंद राहिल्याचं उशिरा कळतं. मग अडथळा काढताच साठलेला दाब एकदम सुटतो. फार खाली ठेवली तर रुग्णाने कोपर वाकवला तरी पंप ओरडतो, आणि सतत ओरडणारा पंप शेवटी म्यूट केला जातो. पेरिफेरल शिरेसाठी मधली, सेंट्रलसाठी त्याहून थोडी खाली, अशी सुरुवात करून आठवडाभर निरीक्षण करा.

इन्फ्युजन संपत आलं की पंप केव्हीओ म्हणजे शिर उघडी ठेवण्यापुरत्या संथ वेगावर जातो. इथे एक फसगत होते. पडदा चालूच दिसतो, हिरवा दिवाही लागलेला असतो, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला डोस अजून चाललाय असं वाटतं. तिकडे सिरिंजच्या तळाशी राहिलेलं दीड-दोन मि.ली. औषध तासन्‌तास रेंगाळतं. ‘शेवट जवळ’चा अलार्म पाच मिनिटं आधी वाजेल असा लावा, म्हणजे एनएसची फ्लश सिरिंज तयार ठेवायला वेळ मिळतो.

बॅटरी नवी असताना माहितीपत्रकातले तास देते. दोन-तीन वर्षांनी सीटी स्कॅनला जाता-येताच ती दम तोडते, आणि पंप बंद पडल्यावर डोस किती गेला होता हे कुणालाच सांगता येत नाही. महिन्यातून एकदा तासभर प्लग काढून चालवून पाहा. सीटीला जाताना इन्फ्युजन थांबवावंच लागलं तर थांबवल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची वेळ चार्टवर लिहा. तीन तासांचा डोस पाच तासांवर गेला हे कळायला दुसरा मार्ग नाही.

बाकीची यंत्रं

मोठा इन्फ्युजन पंप चांगला आहे, पण ५० मि.ली.साठी नाही. त्याच्या सेटमध्येच साधारण २० मि.ली. मावतात. १०० मि.ली.च्या एनएस बाटलीत व्हायलचे २० मि.ली. घातले की १२० होतात. सेट आधी एनएसने भरलेला असेल आणि पंपावर सवयीने १०० मि.ली. भरलं, तर २० मि.ली. बाटलीत राहतात आणि २० नळीत. म्हणजे १ ग्रॅममधलं एकतृतीयांश औषध रुग्णापर्यंत गेलंच नाही. वर बाटल्या छापील आकड्यापेक्षा थोड्या जास्त भरलेल्या असतात, ते वेगळंच. हाच पंप वापरायचा असेल तर ४० मि.ली. प्रति तासाने बाटली पूर्ण रिकामी होऊ द्या आणि त्यानंतर आणखी ३०-४० मि.ली. एनएस त्याच वेगाने चालवा. दिवसाला तीन डोसांचे साडेचारशेच्या आसपास मि.ली. होतात, सिरिंज पंपावर तेच दीडशे-एकशेसाठ. फुफ्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाला हा फरक जाणवतो.

पण व्हॅन्कोमायसिनला मोठाच पंप हवा. त्याचं प्रमाण दर मि.ली.ला ५ मि.ग्रॅ.च्या वर न्यायचं नाही आणि वेग मिनिटाला १० मि.ग्रॅ.च्या वर न्यायचा नाही. १.५ ग्रॅमच्या लोडिंगला ३०० मि.ली. लागतात, ते सिरिंजमध्ये मावतच नाहीत. पॉलिमिक्सिन बीचंही तसंच. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे २५,००० युनिटने लोडिंग १५ लाख युनिट, म्हणजे ५ लाखांच्या तीन व्हायल, तासाभरात. अमिकासिनला तर लांबवलेलं इन्फ्युजन उलट नुकसान करतं. त्याला शिखर पातळी लागते, म्हणून अर्ध्या ते एका तासात द्यायचं. ‘आयसीयूत सगळी अँटिबायोटिक्स सावकाश द्यायची’ असा सरसकट नियम करून अमिकासिन तीन तासांवर लावलेलं दिसतं, ते थांबवायला हवं.

डायलचा रेग्युलेटर म्हणजे बाटली ठरावीक उंचीवर असेल, रुग्ण हलणार नाही आणि शिर मोकळी असेल तरच खरं बोलणारी वस्तू. डायलवर ४० लिहिलं म्हणून ४० जात नाही. वॉर्डात पंप नसेल तर त्यापेक्षा मायक्रोड्रिप ब्युरेट सेट बरा. त्यात ६० थेंबांचा १ मि.ली. होतो, म्हणून तासाचे मि.ली. आणि मिनिटाचे थेंब यांचा आकडा एकच. १०० मि.ली. तीन तासांत द्यायचे तर मिनिटाला ३३ थेंब. दर अर्ध्या तासाने थेंब मोजायचे आणि ब्युरेटवर पातळीची खूण करायची. रोलर क्लॅम्प हळूहळू सरकतो, रुग्णाने हात दुमडला की वेग अर्धा होतो. हे मोजायला माणूस नसेल तर अर्ध्या तासाचा डोस वेळेवर आणि पूर्ण द्या. थांबत-धावत गेलेल्या तीन तासांच्या डोसापेक्षा तो निदान काय दिलं हे तरी सांगतो.

पंप नीट चालला तरी आत भरलेला डोस चुकीचा असेल तर उपयोग शून्य. तरुण, अपघातातला, भाजलेला किंवा डोक्याला मार लागलेला रुग्ण आणि क्रिएटिनिन ०.६, हे पाहून समाधान मानू नका, सावध व्हा. अशा रुग्णाचं मूत्रपिंड औषध दुप्पट वेगाने फेकत असू शकतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड मिनिटाला किती मि.ली. रक्तद्रव साफ करतं तो आकडा) १३०च्या वर गेला की नेहमीचा १ ग्रॅम तीन तासांवर देऊनही कमी पडू शकतो. आठ तासांची लघवी मोजून हिशेब करा. समजा ९६० मि.ली. लघवी झाली, म्हणजे मिनिटाला २ मि.ली. लघवीतलं क्रिएटिनिन ६० आणि रक्तातलं ०.६ असेल तर ६० गुणिले २ भागिले ०.६, म्हणजे मिनिटाला २०० मि.ली. हाच रुग्ण २८ वर्षांचा, ६० किलोचा पुरुष असेल तर कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र १५६च सांगतं. अशा वेळी २ ग्रॅम, आठ तासांनी, तीन तासांत, हा विचार डॉक्टरांनी करायला हवा. २ ग्रॅम ५० मि.ली.त घातलं तर प्रमाण दर मि.ली.ला ४० मि.ग्रॅ. होतं आणि विघटन वाढतं, त्यापेक्षा एकेक ग्रॅमच्या दोन सिरिंज दीड-दीड तास, ३३.३च्या वेगाने, एकामागून एक लावणं चांगलं. दुसरी सिरिंज पहिली संपताना भरायची. उलट मूत्रपिंड बिघडत चाललेल्या रुग्णात ४८ तासांनंतर डोस पुन्हा मोजायला विसरू नका.

किती पंप घ्यायचे हा हिशेब शेवटी खाटांवर येतो. आठ तासांनी चालणारं मेरोपेनेम फ्लशसकट एक पंप दिवसातले दहा तासांच्या आत अडवतं. त्यामुळे वेळा सरकवून घेतल्या तर दोन रुग्णांना एक पंप पुरतो, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तसं करू नका. पंप एका पलंगाकडून दुसऱ्याकडे गेला की त्याच्यासोबत शिल्लक सेटिंग जातं आणि स्वच्छ न केलेला पृष्ठभागही. अँटिबायोटिकसाठी खाटेमागे एक पंप वेगळा धरा, नॉरअॅड, सिडेशन आणि इन्शुलिनचे वगळून.

डोसाची वेळ ठरवताना शिफ्ट बघा. ६-२-१० ही जुनी पद्धत आहे, पण दुपारी दोनला सिस्टर बदलतात, हँडओव्हर चालू असतो आणि दोनचा डोस हमखास अडीच-पावणेतीनला लागतो. ५-१-९ केलं तर दुपारचा डोस दोन वाजता एक तास चाललेला असतो आणि नव्या सिस्टरला चालू पंप, लिहिलेली वेळ आणि उरलेले ३३ मि.ली. हातात मिळतात. हँडओव्हरच्या वेळी दोघींनी मिळून सिरिंजवरची रेघ वाचायची आणि तीच चार्टवर लिहायची. पडद्यावर १६.७ गेले असं असेल आणि सिरिंजमध्ये ३३ऐवजी ३८ दिसत असतील, तर सिरिंजचा मेक चुकीचा निवडला गेलेला असू शकतो, आणि तो दुरुस्त करायला अजून दोन तास हातात आहेत.